शुक्रवारच्या सुया

"अब्बा, दहाच मिनटं. ऑफिसचा कॉल आहे, घ्यायलाच पाहिजे. आफरीनकडे लक्ष ठेवा, बस्स," असं म्हणून ओवेस फोन कानाला लावत वाळूतून हॉटेलच्या दिशेने निघाला.

"जा तू. मी हाय ना," हुसैनमियाँ म्हणाले. शब्द तोंडातून सहज गेले. ओवेसचा शर्ट चार पावलांवर गेला न गेला तोच त्यांना दिसेनासा झाला होता.

एरवी ही वेळ आलीच नसती. सून सबीहा सकाळपासून पोरीच्या मागे सावलीसारखी होती. पण उन्हाने हवाबीला गरगरायला लागलं, म्हणून सबीहा सासूला घेऊन खोलीत गेली. उरले आजोबा, सात वर्षांची नात आणि समोर समुद्र.

हुसैनमियाँ मूळचे बाणकोटचे. गेली तेहेतीस वर्षं आखातात, निझव्याच्या बाजारात, अर्बाबच्या म्हणजे अरब मालकाच्या दुकानात डिशडाशा शिवत होते. डिशडाशा म्हणजे इथल्या पुरुषांचा पायघोळ पांढरा अंगरखा. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की त्याच्या सलामाआधी त्याच्या खांद्याचं माप यांना कळायचं. गळ्याभोवतीची हातशिलाई अशी बारीक, की लग्नाचे नवरदेव थेट सूर शहराहून यायचे. पण दोन वर्षांपूर्वी कडेकडेची माणसं नाहीशी व्हायला लागली. समोरचं दिसे, बाजूचं नाही. दोऱ्याच्या रिळाच्या भोकातून बघावं तसं. डॉक्टर म्हणाला, काचबिंदू आहे, गेलेली नजर परत यायची नाही, उरलेली सांभाळा. त्याने दिलेले थेंब हुसैनमियाँनी बटणांच्या डब्यात लपवले आणि तोंडाला कुलूप लावलं.

कारण त्यांनी हे सगळं आधी पाहिलं होतं. त्यांचे बावा, म्हणजे वडील, असेच आंधळे झाले. नवी सून म्हणून आलेल्या हवाबीने खाटेपासून परसापर्यंत काथ्याची दोरी बांधली होती आणि बावा ती धरून जात. गावातली पोरं ती दोरी छेडून पळायची. ज्या माणसाला अख्खा मोहल्ला वाट पुसायचा, तो शेवटी दोरीला लोंबकळत संडासला गेला. हुसैनमियाँना मरणाची भीती नव्हती, त्या दोरीची होती. दोन वर्षांनी व्हिसा संपेल, तोवर हात चालवायचे आणि मान ताठ ठेवून घरी जायचं, एवढंच त्यांचं मागणं होतं.

सुई मात्र ओवता येत नव्हती. त्यावर इलाज आफरीनचा. शुक्रवारी ते मस्कतला मुलाकडे जात, आणि नात त्यांच्या मांडीशी बसून आठवडाभराच्या सुया ओवून स्पंजच्या तुकड्यात टोचून देई. "आपला सिक्रेट, ओके?" तीच म्हणाली होती. दादांचा चष्मा जुना झालाय, एवढंच तिला ठाऊक. आज शुक्रवारच होता, पण सुट्टीच्या गडबडीत सुया राहून गेल्या होत्या.

सुट्टी ओवेसची हौस. आई पहिल्यांदाच व्हिजिट व्हिसावर आलेली. आधी तुर्कस्तानात भूमध्य समुद्राकाठी जायचं ठरत होतं. ते जमेना, तेव्हा सूरच्या अलीकडे तसंच पांढऱ्या भिंतींचं, निळ्या घुमटांचं हॉटेल सापडलं. ऑल इन्क्लुझिव्ह. म्हणजे काय, असं हवाबीने विचारलं, आणि पहिलं जेवण झाल्यावर तिनेच उत्तर दिलं, "म्हंजे लग्नातला जेवण, फकत तीन दिस." आल्याआल्या प्रत्येकाच्या मनगटावर निळा पट्टा चिकटवला गेला. आफरीनला न्हाणीघरात शिवणाची इवलीशी पुडी सापडली. एक सुई, दोन बटणं, चार रंगांचे दोरे. "हे पण फ्री?" ओवेस हसला, "इथे सगळं फ्री. मागशील तेवढं." हुसैनमियाँनी ती सुई बोटांत फिरवली आणि नाक मुरडलं, "ही सुई नाय, नखरा हाय."

आज सकाळी मात्र हॉटेलचा नखरा अंगाशी आला होता. नाश्त्याला ताट घेऊन ते भलत्याच टेबलाशी गेले. वर पाटी होती, ती दिसली नाही. ताटात दोन तुकडे घेतले, तेवढ्यात वेटरने हळूच ताट काढून घेतलं. "चाचा, ये नहीं. ये गोरे लोगों का है, हलाल नहीं." वळताना कपांचा ट्रे पाडला. चार टेबलांवरची माणसं बघायला लागली. ओवेस दातओठ खात म्हणाला होता, "अब्बा, जरा बघून चालत जा ना." हवाबी नुसती नवऱ्याकडे बघत राहिली होती.

आणि आता दहा मिनटं.

"दादा, मी जाते पाण्यात. इथेच, शॅलोमध्ये."

"थांब थांब." त्यांनी खिशात हात घातला. खिशात रीळ असतंच, शिंप्याचा खिसा तो. पांढऱ्या दोऱ्याचं टोक काढलं, दुहेरी केलं, पीळ दिला आणि तिच्या निळ्या पट्ट्याला गाठ मारली. हाताला नाही, पट्ट्याला. कातडीला काचेल याचंही भान त्यांना होतं. पुढे दोरा एकेरीच सोडत जायचा. "ह्यो आपला खेळ. मधी मधी एकदा ओढायचं. म्हंजे मी समजणार, मासा हाय."

"आणि तुम्ही फिशरमन!" ती खिदळली आणि धावली. तिचा नारिंगी पोहण्याचा पोशाख रिळाच्या भोकातून क्षणभर चमकला, मग गेला.

हुसैनमियाँ काठावर, पाण्याला पाय लागतील असे उभे राहिले. दोरा बोटावरून सरकत होता. झटका आला. मासा आहे. पुन्हा झटका. त्यांना बरं वाटलं. म्हणजे बघायला डोळेच लागतात असं कुठे आहे? आजूबाजूला पोरं किंचाळत होती, कुठल्या कुठल्या भाषांत, लाटांचा आवाज, दूर कुठेतरी गाणी. लाल टोपीतला पहारेकरी उंच खुर्चीवर कुठेतरी होता. येताना ओवेसने दाखवला होता तेव्हा त्यांनी खोटीच मान हलवली होती.

झटका यायला हवा होता.

त्यांनी मनात दहा म्हटलं. मग वीस. मग दोरा हलकेच ओढला. तो आला. पुन्हा ओढला, पुन्हा आला, निमूट, काही वजन नसल्यासारखा. शेवटी ओलं टोक बोटांत आलं. त्यांनी अंगठ्याने चाचपलं. गाठ नव्हती. दोरा मधेच तुटला होता.

"आफरीन!"

मान डावीकडे, उजवीकडे. भोकातून एकेक तुकडा दिसत होता. एक गोरा म्हातारा. एक चेंडू. नुसतं पाणी. पुन्हा पाणी. नारिंगी काही नाही.

"आफरीन! बेटा!"

ओरडून मदत मागायची तर सांगावं लागणार होतं. कोणीही म्हणेल, तुम्ही इथेच होता ना, मग कुठे गेली पोरगी? खरं सांगायचं तर एक क्षण, अगदी एकच, हुसैनमियाँ गप्प उभे राहिले. संडासला गेली असेल. ओवेसकडे गेली असेल. एक क्षण त्यांनी नातीचा जीव आणि स्वतःची अब्रू तराजूत धरली. त्या क्षणाची लाज त्यांना मरेपर्यंत पुरणार होती.

मग ते कपड्यांनिशी पाण्यात शिरले.

"मना दिसत नाय!" ते ओरडले. घशाच्या शिरा ताणून. "कोई देखो! मेरेको दिखता नहीं! माय गर्ल! मा अशूफ, मा अशूफ! मना दिसत नाय हो!"

येतील त्या सगळ्या भाषांत ते तेच सांगत होते. कंबरेएवढ्या पाण्यात, दोन्ही हात पसरून, पाणी चाचपत. एका लाटेने तोल गेला, नाकातोंडात खारट पाणी गेलं, ते उठले आणि पुन्हा ओरडले. शिट्टी वाजली. पहारेकरी धावत पाण्यात आला, त्याने त्यांचा दंड धरला. "अंकल, व्हॉट कलर? कपडा कौनसा कलर?"

"ऑरेंज! ऑरेंज! सात बरस!"

पहारेकऱ्याने त्यांना वळवलं आणि काठाला आणलं. "अंकल," तो हळूच म्हणाला, "ये?"

कुठे? त्यांनी मान फिरवली, जास्तच फिरवली, परत आणली. आफरीन त्यांच्या डाव्या हाताला, हात लांब केला असता तर लागली असती एवढ्या अंतरावर उभी होती. दोन्ही हातांत आइस्क्रीमचे कोन. दोन्ही वितळून कोपरापर्यंत आले होते.

"दादा, दोरा ब्रेक झाला," ती कशीबशी म्हणाली. "मला वाटलं गेम ओव्हर. मी तुमच्यासाठी आइस्क्रीम आणायला गेली. मी इथेच आहे. केव्हाची."

आणि हे ओवेसने पाहिलं. तो वरून धावत आला होता, बापाचा आवाज ओळखून. पोरगी हातभर अंतरावर उभी आणि बाप तिला हवेत शोधतोय. वेगळं काही सांगायची गरज उरली नाही.

खोलीत हवाबी सोडून कोणी बसलं नाही. सबीहा आफरीनला छातीशी घट्ट धरून खिडकीपाशी उभी होती. हुसैनमियाँच्या विजारीतून फरशीवर पाणी गळत होतं.

"कधीपासून?" ओवेसने विचारलं.

"दोन वरसं."

"दोन वर्षं! आणि मी तुमच्याकडे पोर सोपवून गेलो. अब्बा, एक शब्द, एकच शब्द बोलला असता तर मी गेलो असतो का?"

"बोलायला पायजे होता," हुसैनमियाँ म्हणाले. "माझा चुकला."

त्यांनी बाजू मांडली नाही, रडलेही नाहीत. म्हणून राग कुठे ठेवावा ते ओवेसला कळेना. तो खिडकीकडे बघत म्हणाला, "अर्बाबला मी फोन करतो. दुकान खलास. अम्मीबरोबरच गावी जायचं तुम्ही."

पलंगावर बसलेली हवाबी तेव्हा पहिल्यांदा बोलली. "बावांसारका?"

"हं."

तिने टॉवेल घेतला, उठली आणि नवऱ्याचं डोकं पुसायला लागली, लहान पोराचं पुसावं तसं. "आता दोरी नाय बांधणार मी," ती म्हणाली. "माजा हात हाय."

रात्रीच्या जेवणाला आफरीन सवयीने दादांशेजारी बसायला गेली, तर सबीहाने तिची खुर्ची आपल्याकडे ओढली. "इकडे बस." एवढंच. सून कधी वर मान करून बोलली नव्हती, आजही आवाज चढवला नाही. पण दिवसभरात काही लागलं असेल तर ते ते दोन शब्द. चूक तिची नव्हती, हे हुसैनमियाँना कळत होतं. म्हणून तर जास्त लागलं.

शनिवारी सकाळी निघायच्या वेळी आफरीन खोलीत नव्हती. सबीहाही नव्हती. ओवेसने दोनदा फोन लावला, तिने "येतो, येतो" म्हणून ठेवून दिला. काउंटरवरच्या मुलीने एकेकाचे निळे पट्टे कात्रीने कापले. हुसैनमियाँनी मनगट पुढे केलं, कात्रीचा आवाज ऐकला आणि तिची धार गेलीय असं त्यांच्या मनात आलं. मायलेकी धावतपळत आल्या त्या थेट गाडीतच बसल्या. गाडी मस्कतला न जाता आधी निझव्याला जायची होती. अर्बाबला भेटायचं, सामान आवरायचं.

हॉटेल मागे पडलं तसं मागच्या सीटवर आफरीनने सबीहाकडे बघितलं. सबीहाने मान हलवली आणि जागा बदलून पोरीला सासऱ्यांशेजारी बसू दिलं.

"दादा, हात." तिने त्यांच्या मांडीवर हॉटेलची कागदी पिशवी ठेवली. आत स्पंजचा मोठा तुकडा होता, न्हाणीघरातला. त्यावर सुयाच सुया. इवल्याशा, नखऱ्याच्या. प्रत्येकीतून दोरा लोंबत होता.

"रूम क्लीन करणाऱ्या ट्रॉलीवाल्या अंकलकडे पुड्या मागितल्या. त्याने पूर्ण बॉक्स दिला. फ्री आहे ना सगळं." ती भराभर बोलत होती. "सकाळपासून केल्या. काही मम्मीने केल्या, माझे डोळे दुखले तेव्हा. आता इंडियात फ्रायडेला कोण करणार? म्हणून सगळ्या फ्रायडेच्या एकदम केल्या. पण व्हाइट नव्हता. रेड, यलो, ग्रीन, असे आहेत. चालेल?"

अर्बाबच्या दुकानात त्यातला एकही दोरा चालला नसता. हुसैनमियाँनी तळहात सुयांवरून हलकेच फिरवला.

"चालेल," ते म्हणाले. "पळेल."

"पण गाठ नाही मारली मी. मला ती येत नाही."

त्यांनी पहिली सुई काढली. दोऱ्याचं टोक तर्जनीभोवती घेतलं, अंगठ्याने घासून गुंडाळलं आणि ओढलं. एवढीशी, गोल, पक्की गाठ बसली. त्यासाठी डोळे लागत नाहीत, कधीच लागले नव्हते. आफरीनने तिच्यावर बोट फिरवून बघितलं.

"दुसरी दे, बेटा."

पुढे रस्त्यावर गतिरोधक आला. ओवेसने आरशात बघितलं आणि गाडी अगदी हळू केली. अब्बांच्या बोटांत सुई होती.