मिटलेले ओठ

मनकर्णाने नवऱ्याच्या खालच्या ओठाचा लोंबता डावा कोपरा उचलून वरच्या ओठाला टेकवला आणि दुसऱ्या हाताने त्याच्या नाकाखाली रुईचा पुंजका धरला.

"ओठ सोडू नका. आवाज नाकातून काढा."

शालिकरामने जोर केला. ओठ फाकले, वारा तोंडाच्या कोपऱ्यातून निसटला, रुई हललीच नाही.

"हा 'अ' झाला. मले 'म' पायजे."

पोळ्याच्या आदल्या दिवशी त्याचं डावं अंग गेलं होतं. मूलबाळ नव्हतं. सातासमुद्रापलीकडच्या कुठल्याशा लढाईने कापसाला भाव आला, तसा थोरल्या दिराला, बाळापूरच्या खुशालरावाला, भावाचा कळवळा आला. दहा वर्षांत न फिरकलेला माणूस नव्या दमणीला बैल जुंपून दर आठवड्याला तब्येत विचारायला येऊ लागला. तब्येत ओट्यावरून विचारी आणि मग शेत बांधापर्यंत पाहून येई. आता सरकारी मोजणीवाले येणार होते आणि शालिकच्या हातून शेती होणार नव्हती. शेताच्या वहिवाटीला कसणारा म्हणून नाव कुणाचं लावायचं, यावर तोड त्यानेच काढली: पंचांसमोर शालिक स्वतःच्या तोंडाने ज्याचं नाव घेईल, त्याचं. कुणी त्याला हात लावायचा नाही.

गाव म्हणालं, याहून सरळ काय असणार.

त्यातला वाकडेपणा मनकर्णाला घरी आल्यावर उमगला. 'खुशाल' घशात तयार होतो; ओठ लुळे असले तरी निघतो. 'मनकर्णा' पहिल्याच अक्षराला ओठ मिटलेले मागतं. शिवाय वीस वर्षांत नवऱ्याने तिचं नाव घेतलंच नव्हतं. 'अवं' एवढ्यावर संसार निभावला होता.

संतापाने तिला झोप येईना. चुलीपुढे बसून ती स्वतःचंच नाव पुटपुटत राहिली. ओठ मिटतात, आवाज नाकात घुमतो. नाक दाबलं की अडतो. एवढं हाती लागल्यावर तिने नवऱ्याला सोडलं नाही. तो दमला तरी सोडलं नाही, रडला तरी सोडलं नाही. लाळ पुसायची आणि पुन्हा रुई धरायची.

अकराव्या दिवशी पुंजका थरथरला. पुढच्या आठवड्यात अख्खं नाव आलं. ते घेताना शालिकरामने आधी दाराकडे पाहिलं, कुणी ऐकत तर नाही ना.

चावडीवर पाच पंच, मोजणीचा कारकून आणि निम्मं गाव होतं. खुशालराव भावाच्या अगदी समोर बसला. मनकर्णा पदर ओढून खांबाशी उभी राहिली.

भगवंतराव पाटलांनी विचारलं, "शालिकराम, वहिवाट कोनाची? तुयाच तोंडानं सांग."

शालिकरामने पंचांकडे पाहिलं. एकेकाकडे, पाचही जणांकडे. मग ओठ मिटले. डावा कोपराही मिटला, कुणी हात न लावता, तिने शिकवला तस्सा. खांबाशी मनकर्णानेही ओठ मिटले.

"भाऊ," तो म्हणाला.

कारकुनाचा बोरू कागदावर चालला. पाटलांनी घसा खाकरला. खुशालराव उठून धोतर झटकत म्हणाला, "झालं बापा. सूनबाई, ने आता त्याले घरी. ऊन चढून राह्यलं."

वीस वर्षांत ती थोरल्या दिरासमोर कधी बोलली नव्हती. तिने डोक्यावरचा पदर मागे केला.

"नाव तुमचं निंगालं, भाऊजी. लाळ बी तुमीच पुसा."

ती चावडीच्या पायऱ्या उतरू लागली. शेवटच्या पायरीवर होती, तेव्हा मागून हाक आली. पहिलं अक्षर मिटल्या ओठांचं, पुढची तीन स्वच्छ, निम्म्या गावाला ऐकू जाईल अशी.

"मनकर्णा."

ती वळली. नवऱ्याकडे तिने पाहिलं नाही, कारकुनाकडे पाहिलं. त्याने दौतीला बूच लावलं होतं.