शाळेतली ओटी

गोदावरीनं काठची वस्ती गिळली त्याला चार दिवस झाले होते. वस्तीतली माणसं कुंभार पिंपळगावच्या शाळेत येऊन पडली होती आणि गावानं त्यांच्यासाठी जिवाचं रान केलं होतं. घरोघरच्या बायांनी भाकरी थापून पाठवल्या, कुणी अंथरुणं दिली, कुणी चटणीचे डबे. नंदाबाईच्या घशाखाली मात्र घास उतरत नव्हता. तिचे मालक काकासाहेब दावणीचे बैल सोडायला पाण्यात परत गेले होते. बैल पोहत काठाला लागले. काकासाहेब लागले नाहीत.

"मामंजी येतेत बघा, आत्याबाई," सून राजनंदिनी उठता-बसता म्हणायची. "कुठंतरी झाडाला धरून बसले असतेल. पट्टीचे पोहणारे हायेत." नंदाबाई त्या बोलण्यावर जगत होती.

पाचव्या दिवशी सकाळी जुन्या जालन्यातून महिला मंडळाचा टेम्पो आला. नवरात्र चालू होतं. नुसत्या साड्या काय वाटायच्या, बहिणींच्या ओट्या भरू, असं या बायांनी ठरवलं होतं. मनानं चांगल्या होत्या बिचाऱ्या, नाही असं नाही. पण ढीग दोन केले. सवाष्णींसाठी हिरव्या साड्या, खण, नारळ, बांगड्या. विधवांसाठी फिक्या रंगाच्या साड्या, नुसत्याच. जिचं सगळंच वाहून गेलं, तिला आणखी कशाला निवडून बाजूला काढायचं, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नाही.

नंदाबाई हिरव्या साड्यांच्या रांगेत उभी राहिली, मागं सून. अंगावरचं पातळ चिखलानं कडक झालं होतं. तिचा नंबर आला तशी मंडळाच्या शरयूताईंनी करंडा उघडला, बोटावर कुंकू घेतलं आणि सहज विचारलं, "तुमचे मालक कुठे आहेत?"

"येऊन राह्यलेत," नंदाबाई म्हणाली.

शरयूताईंचं बोट अधांतरी राहिलं. त्यांनी नंदाबाईच्या खांद्यावरून वस्तीतल्या बायांकडे पाहिलं. लावू का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. नंदाबाईची शेजारीण उषाबाई, तीस वर्षांपासूनची सोबतीण, तिनं तोंडाला पदर लावला.

नंदाबाईचं डोकंच फिरलं. नवरा माझा, आणि विचारतात शेजारणीला! ती गर्रकन सुनेकडे वळली.

"सांग गं यांना! सांग की, मामंजी येतेत म्हणून!"

राजनंदिनीनं तोंड उघडलं. चार दिवस घोकलेलं बोलणं काही केल्या बाहेर येईना. तिनं मान खाली घातली.

नंदाबाई तिच्याकडे बघतच राहिली. सगळ्यांनी मालकांची आशा केव्हाच सोडली होती, या पोरीनंसुद्धा. नंदाबाईला सांगायचं धाडस तेवढं कुणाला झालं नव्हतं. तिनं शरयूताईंचा हात धरून हळूच खाली केला.

"ऱ्हाऊ द्या, ताई. हिची ओटी भरा," ती म्हणाली, आणि एकटीच दुसऱ्या ढिगाकडे गेली.