एक फेरी कमी

मोडेमवरचा तांबडा दिवा लुकलुकला, विझला, पुन्हा लुकलुकला... आणि विझलाच. नागोरावानं टेबलावर मूठ आपटली. पालघरच्या ऑफिसातला कॉम्प्युटर बोईसरच्या या कारखान्यातल्या वाफेच्या झडपेला हुकूम सोडणार, पण त्याआधी दोघांनी एकमेकांची ओळख पटवायची — पालघर म्हणणार, मी अमुक. बोईसर म्हणणार, मग हा आकडा घे, आपल्या गुप्त शब्दात कालवून परत दे. पालघर म्हणणार, हे घे उत्तर, आणि आता तूही माझा आकडा सोडव — एवढी ये-जा होईपर्यंत ही मुर्दाड टेलिफोनची तार दम धरेल तर शपथ!

सकाळीच नरहरीसाहेब म्हणाले होते, "हे सगळं काढून टाका हो. लग्न जुळवताय का? एक पासवर्ड पाठवायचा, झडप उघडायची."

लग्न म्हणे. त्याच्या मस्तकात तिडीक गेली. तारेवर कान लावून कुणीही तो पासवर्ड ऐकावा, उद्या तोच पाठवावा... आणि त्या वेळी टाकीत बेटेगावचा मजूर सुका गाळ खरवडत बसलेला असला तर? वाफेत शिजेल तो. साहेबाच्या बापाचं काय जातंय!

आणि असं डोकं तापलेलं असतानाच त्याला दिसलं — पालघरनं नाव सांगतानाच आपला आकडा सोबत का धाडू नये? बोईसरनं त्याचं उत्तर आणि स्वतःचा आकडा एकदमच परत करावा, पालघरनं तो सोडवला की झाली ओळख. एक खेप वाचते, तपासणी तेवढीच राहते. इतकं सोपं... आणि इतके महिने मी माझीच हुशारी कुरवाळत बसलो! आता राग कुणावर काढायचा?

दुपारी पालघरला जाऊन तिथलंही बदलून तो परतला. लाइन पहिल्या झटक्यात लागली.

"बघा," नरहरीसाहेब खुशीत म्हणाले, "काढलंत आणि चाललं! वापीच्या कारखान्यालाही सांगतो, काढून टाका म्हणून."

काढलेलं नाही, साहेब... शब्द ओठांवर होते. पण सांगितलं तर म्हणतील, मग इथलंही काढा.

दारात सुका उभा होता. "सायेब, टाकीत उतरू का? झडप बंद हाय ना?"

"बंद आहे. उतर."

सुका गेला. साहेब वापीचा नंबर फिरवू लागले. तिथंही कुणीतरी टाकीत उतरत असेल, असंच कुणालातरी विचारून... साहेबावरचा मघाचा राग नागोरावानं आत चाचपून पाहिला, तो कुठंच सापडेना. सापडलं ते स्वतःचं मिटलेलं तोंड, आणि त्याची त्याला शिसारी आली.