कोरडं स्वयंपाकघर

योक लानने लाल कागद चिकटवलेला तांदळाचा डबा मधल्या ओट्यावर ठेवला आणि ओट्यावरून बोट फिरवलं. बोटाला ना तेल लागलं, ना धूळ. तरी तिने ते बाहीला पुसलं.

“केवढा हा ओटा, वहिनी! आख्खं डुक्कर मावेल,” तिची नणंद सू मोय म्हणाली.

“मावेल. पण मांडू देतील का?”

सून पुई सान पाहुण्यांना नवं घर दाखवत होती. “फ्रिज इथे, सिंक इथे, शेगडी इथे. तीन पावलांत सगळं हाताशी.”

“हाताशी घेऊन करायचं काय? पाव भाजायचा!” योक लान नणंदेच्या कानात म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने.

हशा पिकला. पुई सान हसली नाही आणि थांबलीही नाही. तिने काचेचं दार सरकवून मागचं ओलं स्वयंपाकघर दाखवलं. मलेशियात, इपोह शहरातल्या सगळ्याच नव्या घरांत हल्ली असं असतं. पुढे पाहुण्यांसाठी कोरडं, चकचकीत. मागे परसाच्या जागी एक चिंचोळी पट्टी, मासे तळायला आणि मिरच्या कुटायला. म्हणजे जिथे रांधायचं ते लपवायचं आणि जिथे काहीच शिजत नाही ते मिरवायचं. योक लानने एकतीस वर्षं सहा फुटांच्या बोळात नूडल्सची गाडी चालवली होती. त्या जाळावर मुलाला इंजिनियर केलं होतं. तिला या थाटाचं हसूही येत होतं आणि किळसही.

पुढच्या महिन्यात ती इथे राहायला यायची होती. येण्याआधी एक गोष्ट तिला चार लोकांसमोर पक्की करून घ्यायची होती: या घरात चूल कोणाच्या हातची. एकदा का मुकाट्याने आलो, की मागच्या पट्टीत भांडी घासत मरायचं, हे तिने शेजारणींच्या घरी पाहिलं होतं.

पंचांगातला मुहूर्त नऊ ते अकरा. तेवढ्यात जुन्या घरून किटलीत भरून आणलेलं पाणी नव्या चुलीवर उकळलं पाहिजे, नाहीतर घर लाभत नाही. साडेदहा वाजले होते.

“आई, ठेवू या?” मुलगा वेंग किट म्हणाला.

योक लानने पिशवीतून किटली काढली. पुई सानने ती काचेच्या इंडक्शन शेगडीवर ठेवून बटण दाबलं. शेगडी टीं टीं वाजली, लाल अक्षर लुकलुकलं आणि विझलं. तिने पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

“जाळच नाही तिथे, पाणी तापेल कसं?” योक लान म्हणाली. “ही दाखवायची चूल, बाई. चला मागे. मी पेटवते गॅस.”

सगळे तिच्या मागे निघाले. याच क्षणासाठी ती दहा दिवस थांबली होती. ओल्या स्वयंपाकघरात शेगडी होती, खाली नळीही होती. नळीचं दुसरं टोक मोकळं लोंबत होतं.

“टाकी सोमवारी येणार आहे,” वेंग किट म्हणाला.

योक लानने ते टोक उचलून पाहिलं आणि सोडून दिलं. आजूबाजूला कोणाकडे जावं, तर अजून निम्मी घरं रिकामी. सू मोयने घड्याळ पाहिलं आणि ओठ आवळले. तिच्या थोरल्या मुलाने मुहूर्त चुकवून गृहप्रवेश केला होता. वर्षाच्या आत बायको माहेरी गेली ती गेलीच. योक लान हे सगळं मानत होती, मनापासून मानत होती.

वेंग किट किटली उलटी करून बघत होता. “ही तर ॲल्युमिनियमची. ही काचेवर चालत नाही. पुई सान, तू आईकडे स्टीलची पाठवली होतीस ना? चिठ्ठी लावून?”

पाठवली होती, दहा दिवसांपूर्वी. ती खोक्यासकट योक लानच्या पलंगाखाली होती. चिठ्ठी तिने दोनदा वाचली होती.

सगळ्यांच्या माना सासूकडे वळल्या. सू मोयचे डोळे तर आधीच बारीक झाले होते.

“नाही पाठवली,” पुई सान म्हणाली. “ऑफिसात ठेवली होती, द्यायची राहून गेली. माझीच चूक.”

“अगं, पण तूच तर म्हणालीस...”

“म्हणाले असेन. किती कामं होती.”

“हल्लीच्या मुली!” सू मोय म्हणाली, आणि लोक पुन्हा पुढच्या खोलीकडे वळले.

योक लानने सुनेकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर तिने तो परतवला असता. बाजारात तिने याहून मोठी भांडणं जिंकली होती. पण पुई सान सकाळपासून जसे ओट्यावरचे बोटांचे ठसे पुसत होती, तशाच शांतपणे तिने हेही पुसून टाकलं होतं. वर एक नजर टाकली होती. हट्टी पोराने कपडे ओले केले की आई टाकते तशी.

“आतलं पाणी जुन्या घरचंच आहे ना, आई?” पुई सानने हळूच विचारलं.

“हो.”

तिने कपाटातून स्टीलचं पातेलं काढून सासूपुढे ठेवलं आणि बाजूला झाली. योक लानने किटली तिरकी केली. पाणी पातेल्यात पडलं, थोडं बाहेर सांडलं. तिने पातेलं काचेवर ठेवलं. अकराला बारा मिनिटं होती. काचेवर सात-आठ खुणा होत्या, सगळ्या सारख्याच दिसत होत्या. सगळे बघत होते.

“कुठे दाबायचं?” योक लानने विचारलं.