उत्तर देणारीचं नाव

गाडेकर सरांना माणसाच्या डोक्यातलं सगळं कळायचं, फक्त समोरचा माणूस कळायचा नाही. एका इंग्रजी प्रश्नावलीचं त्यांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत मराठी केलं होतं आणि तेवढ्यावर ते स्वतःला मोठे मानसशास्त्रज्ञ समजत होते. ‘स्किझोटायपल व्यक्तिमत्त्व’ हा त्यांचा लाडका शब्द. म्हणजे माणूस संशयी आहे का, चारचौघांपासून तुटलेला आहे का, नसत्या गोष्टींत अर्थ शोधतो का, हे त्याच्याच तोंडून हो-नाहीत वदवून घ्यायचं आणि शेवटी बेरीज करायची. मी एम.ए. करून कॉलेजच्या मानसशास्त्र विभागात त्यांच्या हाताखाली लागले होते. प्रश्न वाचायचे, उत्तरं भरायची आणि सर सांगतील ते टाइप करायचं, हे माझं काम.

शहाण्णव साली आम्ही पडेगावला दगडाबाईंच्या घरी गेलो. सरांच्या पाहणीसाठी फॉर्म त्यांच्या सुनेचा, सरूचा, भरायचा होता. सरूनं चहा आणून ठेवला आणि ती तान्ह्या लेकीला घेऊन आतल्या दाराशी बसली. आमच्यासमोर बाजेवर बसल्या दगडाबाई. परक्या माणसापुढे सुनेनं तोंड उघडायचं नाही, ही त्या घरची रीत. कुणी काही विचारलं तर सासू सांगणार.

“पाठीमागे लोक आपल्याबद्दल बोलतात, असं तुम्हाला वाटतं का?” मी दाराकडे बघून विचारलं.

“व्हय,” दगडाबाई म्हणाल्या. “शेजारची साळूबाई तर दुसरं कामच करीत नाय.”

“कुणीतरी आपल्यावर नजर ठेवून आहे, असं वाटतं का?”

“नजर लई वाईट. माझ्या म्हशीला लागली, दूधच आटलं.”

“मेलेलं माणूस जवळ असल्यासारखं वाटतं का?”

“आमचं मालक येत्यात की अवसेला. खोकत्यात बी.”

सर खूश. ते हातानंच मला खुणावत होते, हो लिहा, हो लिहा. मी हळूच म्हणाले, “सर, हे सरूला विचारायचंय.”

“अहो मॅडम, फील्डवर असंच असतं,” सर म्हणाले. “घरातली मोठी माणसंच नीट सांगतात.”

स्वतःबद्दल स्वतः सांगायची चाचणी, आणि हा विद्वान ती सासूकडून भरून घेत होता! मला त्यांची कीवसुद्धा आली नाही.

प्रश्न संपले तशा दगडाबाई पुढे सरकल्या. “सायेब, सून येडी हाय असा शिक्क्याचा कागूद मिळंल का? माझ्या ल्योकाला, कडूबाला, फारकत घ्यायचीय. हिला पिशोरला धाडून देऊ हिच्या माहेरी. नात आमच्यापाशीच ऱ्हाईल.”

दाराशी सरूनं लेकीला छातीशी घट्ट धरलं. कुणीही शहाणा माणूस तिथून उठला असता. सर मात्र फुलले. त्यांचा कागद जन्मात पहिल्यांदाच कुणीतरी मागत होतं. “गुण आणि निष्कर्ष लेटरहेडवर देतो,” ते म्हणाले. “पुढच्या आठवड्यात या.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. फॉर्मवर पहिलीच ओळ होती: उत्तर देणाऱ्या व्यक्तीचं नाव. तिथे मी ठळक अक्षरांत लिहिलं, दगडाबाई. खाली अंगठाही त्यांचाच घेतला. सर नुसती बेरीज करायचे आणि मी टाइप केलेलं न वाचता सही ठोकायचे, हे मला चांगलं ठाऊक होतं.

ठरल्याप्रमाणे दगडाबाई विभागात आल्या. बरोबर मुलगा कडूबा आणि लेकीला घेतलेली सरू. कडूबाच्या हातात सरूच्या लुगड्यांची पिशवी होती. कागद मिळाला की पोर काढून घेऊन सरूला तिथूनच पिशोरच्या गाडीत बसवायचं ठरलं होतं.

सरांनी ऐटीत कागद दिला. कडूबानं तो मोठ्यानं वाचला. “नाव, दगडाबाई. संशय आणि विचित्र समजुती अतिशय जास्त. डोक्याच्या डॉक्टरला दाखवावे.”

दगडाबाईंनी सरांच्या सात पिढ्या उद्धारल्या. “मला येडी म्हणतो व्हय रे मुडद्या!” दारात विद्यार्थी जमले. सरांना दरदरून घाम फुटला आणि त्यांची विद्या क्षणात गळून पडली.

“अहो बाई, या कागदानं कुणी वेडं ठरत नाही! ही नुसती प्रश्नांची बेरीज आहे!”

“कुणीच ठरत नाय?” कडूबानं विचारलं.

“कुणीच नाही!”

“आन् सरूचं नाव असतं तर?”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. कुणी काय केलंय ते त्यांना आत्ता उमगलं, पण दारात सगळं कॉलेज उभं होतं.

“तरीही नाही,” ते पुटपुटले.

“मोठ्यानं बोला, सर,” मी म्हणाले. तेव्हा ते मोठ्यानं बोलले.

कडूबानं एकदा आईकडे पाहिलं. मग त्यानं कागद फाडला आणि पिशवी खांद्याला लावली. “चल गं घरी,” तो सरूला म्हणाला.

सरू हलली नाही. ती सरांच्या समोरच्या खुर्चीत बसली, लेकीला मांडीवर घेतलं आणि म्हणाली, “सायेब, सरू म्या हाय. आता मला इचारा.”

सरांनी घड्याळ पाहिलं. तास आहे म्हणाले आणि गर्दीतून वाट काढत निघून गेले. मग मीच त्यांच्या खुर्चीत बसले आणि पहिला प्रश्न वाचला. “पाठीमागे लोक आपल्याबद्दल बोलतात, असं तुम्हाला वाटतं का?”

“पाठीमागं नाय,” सरू म्हणाली. “माझ्या म्होरं बसूनच बोलत्यात.”