माघीचा अंगठा

पाड्यावर मला कुणी यंत्र म्हणत नाही, मित्रांनो. 'ताईंचा डबा' म्हणतात. मुठीत मावेल एवढं काळं अंग, वर अंगठ्याएवढी काच, काचेखाली लाल दिवा आणि मोबाईलला जोडायची वायर, एवढाच माझा संसार. आता मी जुना झालोय. काचेवर चरे पडलेत आणि वायरीला ताईंनी चिकटपट्टी गुंडाळलीय.

कुठल्या कारखान्यात जन्मलो ते मला ठाऊक नाही. माझी आठवण सुरू होते ती चंद्रकलाताईंच्या ओंजळीत. ताई बँकेनं नेमलेल्या बँक सखी. ज्यांना तालुक्याच्या बँकेत जाणं जमत नाही, त्यांच्यापर्यंत बँक घेऊन जायचं, हे त्यांचं काम. मला घरी आणलं तेव्हा त्यांनी देवापुढं ठेवून हळदकुंकू लावलं. कुंकू काचेवर सांडलं, मग घाईघाईनं पदरानं पुसलं. तो पदराचा पहिला स्पर्श मला अजून आठवतो.

दर आठवड्याला ताई मला पिशवीत घालून स्कूटरवरून सूर्यमाळच्या पाड्यांवर न्यायच्या. तिथं रेंज मिळते ती टेकडावरच्या जांभळीखाली. माणसं त्या सावलीत रांगेनं बसत. काचेवर कुणी अंगठा टेकवला की मी त्याच्या रेघा वाचायचो आणि दूर कुठंतरी विचारायचो, हे तेच माणूस ना? होकार आला की माझा लाल दिवा हिरवा व्हायचा आणि पैसे हातात. पूर्वी त्यासाठी जीपची वाट बघण्यात दिवस मोडायचा, मजुरीही बुडायची. म्हणून माझं फार कौतुक होतं. गोजाबाई तर म्हणायची, "माझा दादला दारू पिऊन आला की मला वळखत नाय. ह्यो डबा बरा, पाहिल्याबरोबर वळखतो." सगळी जांभळ हसायची.

त्या रांगेत माघी यायची, पण माझ्यापुढं तिनं कधी हात केला नाही.

माघी आणि तिचा नवरा बाबल्या दिवाळी झाली की भिवंडीकडच्या वीटभट्टीवर जायचे, पावसाच्या तोंडाला परतायचे. आली की माघी कमरेची पिशवी सोडायची आणि वर्षाची शिल्लक ताईंच्या हातात द्यायची. पावसाळ्यात रानभाज्या विकून आलेले पैसेही तिथंच. घराचा खर्च बाबल्याच्या खात्यातून चालायचा. माघीचं खातं एकाच कामाचं होतं. तिची लेक रविना आश्रमशाळेत शिकत होती आणि तिला नर्स व्हायचं होतं.

रविनाला मी चांगला ओळखायचो. शिष्यवृत्ती काढायला यायची. तिच्या अंगठ्याच्या रेघा नाचणीच्या शेतातल्या ओळींसारख्या, एक एक वेगळी. टेकवला की लगेच होकार.

आणि मित्रांनो, इथं एक गोष्ट नीट ऐका. आमच्याकडं पैसे ठेवायला अंगठा लागत नाही, खात्याचा नंबर पुरतो. अंगठा लागतो तो काढायला. माघीनं खातं उघडलं तेव्हा एकदाच अंगठा दिला होता, तोही भात कापून झाल्यावर, हाताला थोडी उसंत होती तेव्हा. त्यानंतर वर्षामागून वर्षं ती ठेवतच गेली. काढलं कधीच नाही.

रविना बारावी झाली. जव्हारच्या नर्सिंग कॉलेजच्या यादीत तिचं नाव लागलं. फी शनिवारपर्यंत भरायची होती. भाताची रोपं लावायची आवणी नुकतीच उरकली होती. बुधवारी माघी धुवट लुगडं नेसून जांभळीखाली आली, मागं रविना. रांगेतल्या बायांनी माघीला पुढं जागा दिली. कुणीतरी म्हणालं, आता सुई टोचून घ्यायला आम्ही रविनाकडंच येऊ, पण हळू टोच गं.

माघीनं अंगठा टेकवला.

मी शोधलं, मित्रांनो. जीव लावून शोधलं. काचेवर हाताची ऊब होती, वजन होतं, पण रेघ नव्हती. भट्टीवर साच्याच्या कोपऱ्यात विटेच्या मातीचा गारा दाबायचा तो अंगठ्यानंच, दिवसभर, वीट वीट. तिथून सुटलेला हात थेट आवणीच्या चिखलात. अंगठा नदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत झाला होता.

नकार आला. ताईंनी माझी काच पुसली. माघीनं अंगठा पदराला घासला. पुन्हा नकार. ताईंनी खोबरेलाची बाटली काढली. डावा अंगठा झाला, मग एक एक बोट झालं. रांगेतलं हसणं कधी थांबलं ते कळलं नाही.

"ताई, अंगठा तर माझाच हाय," माघी म्हणाली. "दुसऱ्या कुणाचा असंल?"

ताई हळू आवाजात म्हणाल्या, "माघीबाय, इतक्या वर्षांत एकदा तरी शंभर रुपये काढून बघायचे होते गं. तेव्हाच कळलं असतं."

"पोरीचं हाय ते," माघी म्हणाली. "पोरीच्या ताटातलं कोण चाखून बघतं?"

रविनानं आईचा हात काचेवरून उचलला. "आये, राहू दे. कातडं सोलतंय तुझं."

दुसऱ्या दिवशी ताई दोघींना बँकेत घेऊन गेल्या. तिथल्या साहेबांनी सांगितलं की खात्याची कागदपत्रं जुनी झालीत, आधी ओळख नव्यानं पटवा. ओळख पटवायची तीही अंगठ्यानंच. मग आधार केंद्र. तिथं नवे ठसे घेतले, पण ते मंजूर व्हायला दिवस लागतात म्हणाले. हे सगळं मी पिशवीत पडून ऐकलं. ताईंनी घरात होते तेवढे पैसे पुढं केले, त्यांचे पती हेमंतभाऊ कारकून, त्यांनीही पगारातले दिले. तरी फीच्या निम्मे झाले नाहीत. शनिवार गेला. रविनाची जागा यादीतल्या पुढच्या मुलीला मिळाली.

माघीचे पैसे सुटले ते दिवाळी झाल्यावर. माणसं भट्टीवर निघाली होती. पुढल्या वर्षी भरू, असं ठरलं आणि तोवर घरी बसून काय करायचं, म्हणून रविनाही आईबापासोबत ट्रकमध्ये चढली. एका वर्षापुरती. त्याच हंगामात बाबल्या विटांच्या थप्पीवरून पडला. पायाचं ऑपरेशन झालं आणि माघीचं खातं रिकामं झालं. बाबल्याला काम होईना, म्हणून पुढच्या हंगामाला रविनाला पुन्हा जावं लागलं.

मित्रांनो, आता माझे दिवस भरत आलेत. डोळे बघून ओळखणारं यंत्र येणार आहे म्हणतात. येऊ दे. भट्टीच्या धुरात डोळे शाबूत राहिले तर त्यालाही ओळख पटेल. जायच्या आधी तुमच्याकडं एकच मागणं आहे. तुमच्या घरात कुणी कष्टानं पैसा साठवत असेल, तर त्याला अधूनमधून थोडा काढूनही बघायला सांगा. अंगठ्याखेरीज दुसरी वाट उघडी ठेवा, कागदपत्रं अडचणीच्या आधी नवी करून घ्या. आणि साठवणाऱ्याचा हात एकदा आपल्या हातात घेऊन पाहा. माझी काच पुसायला कुणी विसरत नव्हतं. तो हात मात्र कुणी पाहिला नव्हता.

गेल्या आठवड्यात भट्टीवरची माणसं परतली. जांभळीखाली रांग बसली. रविना आली. तिच्या खात्यात तिची मजुरी होती, त्यातली थोडी तिला काढायची होती. पुन्हा नर्सिंगचा अर्ज भरायचा म्हणत होती. तिनं अंगठा टेकवला आणि मी त्या ओळखीच्या ओळी शोधू लागलो.

माझा दिवा लालच राहिला.

ताईंनी माझी काच पुसली. माघी पुढं सरकली, खोबरेलाची बाटली उघडली आणि लेकीचा अंगठा हातात घेऊन चोळू लागली.