बयाक्काचा बैल

१९१९ च्या वैशाखात नेसरीच्या चावडीसमोर बैलांची रांग लागली होती, आणि त्या रांगेत दस्तगीर मुलाणी दोन बैल धरून उभा होता. त्यातला एकच त्याचा होता.

दुसरा आमच्या शेजारच्या बयाक्काचा. आदल्या साली पावसाने दगा दिला, मग तापाच्या साथीत तिचा नवरा गेला आणि चाऱ्यावाचून जोडीतला एक बैलही गेला. दस्तगीरचाही एकच उरला होता. दोघांनी सावड केली: बैल एकत्र जुंपायचे आणि दोन्ही रानं करायची. तेव्हा शाहू महाराजांचं राज्य. दरबाराकडून पेरणीसाठी मदत आली होती, पण आमच्याकडे आलेल्या कारकुनाने दवंडी पिटवली, की ज्याच्या दावणीला जोडी त्यालाच पैसे. एका बैलाचा शेतकरी पेरणार कशाने? म्हणून जोडी दस्तगीरने दाखवायची आणि त्या पैशातून बी दोघांनी घ्यायचं, असं ठरलं.

बयाक्काच्या दिराचा, हंबीररावचा, तिच्या रानावर डोळा होता. ते पडीक राहिलं की बाई आपसूक आपल्या हातात देईल, असं त्याला वाटे. दस्तगीरची पाळी आली तसा तो मागून म्हणाला, "सायेब, त्यो तांबडा माझ्या भावजयीचा हाय. इचारा की त्येला."

"काय रे?" कारकुनाने विचारलं.

दस्तगीरने मान खाली घातली. "व्हय सायेब. सावडीचा हाय."

"मग तुझी जोडी नाही. बाजूला हो."

मी आईजवळ बायकांत उभी होते. आमच्यातून बयाक्का पुढे गेली. "सावडीचा काल हुता, सायेब. आज म्या त्यो इकला ह्येला."

"कवा गं?" हंबीरराव हसला. "दावं तर तुजंच हाय की गळ्यात."

आमच्याकडे जनावर विकलं तरी दावं देत नाहीत. ते विकणाऱ्याच्या घरी परत जातं. चावडीतल्या सगळ्यांना हे ठाऊक होतं, कारकुनालाही.

बयाक्का बैलापाशी गेली. गाठ बोटांनी सुटेना, तेव्हा तिने ती दातांनी सोडवली आणि दावं गुंडाळून काखेत धरलं.

"बयाक्का, असं नगं," दस्तगीर हळूच म्हणाला. "ह्ये खरंच हुतंय मग."

"खरंच करायला आलीया. खोटं बोलायचं असतं तर तुलाच शिकवून धाडला असता."

"किंमत काय घेतलीस, बाई?" कारकून म्हणाला.

"माजं रान पेरून देनार हाय त्यो."

कारकुनाने दस्तगीरला पैसे दिले. बैल मोकळाच उभा होता. दस्तगीरने डोक्याचा पटका सोडून त्याच्या गळ्यात बांधला आणि बोडक्या डोक्याने त्याला घरी नेलं.

मृगात त्याने आधी बयाक्काचं रान पेरलं, मग आपलं. पुढे दर साली तसंच. तो गेल्यावर त्याच्या मुलाने, चमनने, ते चालवलं. हंबीरराव पन्हाळ्याकडे सासुरवाडीला जाऊन राहिला, तिकडेच वारला. मी लग्न होऊन हातकणंगल्याला आले. बयाक्का पिकल्या वयात, स्वतःच्याच घरात वारली. तिचं रान एकही साल पडीक राहिलं नाही.

तांबडा मात्र त्या साली संध्याकाळी सुटला की कितीतरी दिवस तिच्याच दारात येऊन उभा राही. ती त्याला पाणी पाजी, पाठीवरून हात फिरवी आणि शिंगाला धरून पलीकडच्या गल्लीत दस्तगीरच्या गोठ्यात सोडून येई. वाटेत कुणी विचारलं, "काय बयाक्का, बैल कुनीकडं?" तर म्हणे, "दस्तगीरभाऊचा हाय. चुकून आलता."